घरात साप शिरलाय, नवरा मेंढरं घेऊन गेलाय आणि लाकडाचा ढीग पोकळ निघालाय

कोयनाकाठ
आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एकदा जमून काहीतरी वाचतो. वाचन कमी आणि साबुदाणा वडे जास्त हे खरंय, पण ह्या वेळी वाचलेली गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय. हेन्री लॉसनची 'द ड्रोव्हर्स वाइफ', ऑस्ट्रेलियातली, १८९२ ची. जेमतेम आठ-दहा पानांची असेल.

ड्रोव्हर म्हणजे दुसऱ्याची गुरंमेंढरं शेकडो मैल हाकत नेणारा माणूस. ह्या बाईच्या नवऱ्याने आधी स्वतःचा धंदा मांडला होता, तो दुष्काळात बुडाला आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या मेंढरांमागे लागला. सहा महिने झाले, त्याचा काही पत्ता नाही. घर दोन खोल्यांचं, ओंडके आणि साली ठोकून केलेलं, खाली फोडलेल्या लाकडाच्या फळ्या. चारी बाजूंना सपाट रान, कुठूनही बघा सारखंच दिसतं, आणि जवळातली जवळ वस्ती १९ मैलांवर, ती पण रस्त्याकडेचा एक दारूचा गुत्ता. चार पोरं आणि अ‍ॅलिगेटर नावाचा एक भांडकुदळ कुत्रा.

तर संध्याकाळी एक साप फळ्यांच्या फटीतून घराखाली जातो. ही पोरांना उचलून शेजारच्या स्वयंपाकघरात नेते कारण तिथली जमीन मातीची आहे, फटी नाहीत, त्यांना टेबलावर झोपवते, आणि हातात ओला सोटा, शेजारी शिवणाची टोपली आणि बायकांचं एक मासिक घेऊन भिंतीकडे बघत रात्रभर बसते. बस, गोष्ट एवढीच. मधे मधे तिला जुनं आठवत राहतं. वणवा लागला तेव्हा नवऱ्याची विजार चढवून हिरव्या फांदीने आग झोडपली होती, आणि काजळीने इतकी काळी झाली होती की तिचंच बाळ तिला बघून किंचाळलं आणि कुत्र्याने विजार धरली. पुरात बांध वाचवायला पावसात चर खणत बसली तरी बांध फुटलाच. पिसाळलेला बैल घराला वेढा घालून होता तर फटीतून त्याच्यावर बंदूक झाडली, सकाळी मेला होता, मग त्याचं कातडं सोलून विकलं. एक मूल तर ती एकटी असतानाच गेलं, मेलेलं पोर घेऊन ती १९ मैल घोड्यावर गेली. हे सगळं लॉसन असं सांगतो जणू बाजाराची यादी वाचतोय.

वाचताना आम्ही सगळ्या जणी अक्षरशः गप्प. पण मग मला दोन जागा टोचल्या. एक, ती बाळंतपणात तापाने फणफणलेली असते, देवाचा धावा करते आणि देव पाठवतो कोणाला, तर तिथल्या एका आदिवासी बाईला. आधी तिचा नवरा दारातून डोकावतो, म्हणतो थांबा, माझ्या म्हातारीला आणतो, ती ओढ्याखाली आहे. लेखक कौतुक म्हणून लिहितो की ती मुलखातली सगळ्यात 'गोरी' काळी बाई. दोन, सापाच्याच रात्री ती जळण आणायला जाते आणि लाकडाचा ढीग धाडकन खाली बसतो. आदल्या दिवशी एका भटक्या आदिवासी माणसाकडून तो रचून घेतलेला असतो आणि त्याने आतून पोकळ रचलेला असतो. त्याच्याबद्दल लॉसन जाता जाता म्हणतो, तो त्याच्या टोळीतला शेवटचा होता आणि राजा होता, पण ढीग त्याने पोकळ रचला.

शेवटचा होता? बाकीचे कुठे गेले? ह्यावर एक अक्षर नाही. गोष्ट पुढे सापाकडे.

तर प्रश्न असा, की अशा 'खंबीर बाई'च्या वसाहतीतल्या गोष्टी आपण कशा वाचायच्या? बाईसाठी जीव तुटतो हे खोटं नाही. पण तिने ज्या जमिनीवर संसार धरून ठेवलाय ती जमीन कोणाची, हे एकदा दिसलं की दिसतच राहतं. तुम्ही वाचलंय का असं काही?

टवाळ_टोळ
मी पयला!
कुत्र्याचं नाव अ‍ॅलिगेटर ठेवणाऱ्या बाईला सापाची काय भीती. बाकी धागा वाचून मग लिहितो.

लेकुरवाळी
कोयनाताई, तुम्ही रविवारची जागा कशी सोडलीत? मला त्याच जागेने रडवलं. दर रविवारी दुपारी ती स्वतः नीट कपडे करते, पोरांना आवरते, बाळाला सजवते आणि मोडकी बाबागाडी ढकलत रानातल्या वाटेने फिरायला जाते. कोणी भेटणार नाही, बघण्यासारखं काही नाही, वीस मैल चाललं तरी डोळा ठरेल असं काही नाही. पण शहरात फिरायला निघाल्यासारखी तेवढ्याच काळजीने आवरून जाते.

माझा नवरा बोटीवर असतो, सहा महिने आत, तीन बाहेर. मोठा पाच वर्षांचा आणि धाकटी दीड. सासूबाई होत्या तोवर वेगळं होतं. मी रविवारी मुलांना आवरून मॉलमधे नेते, काहीही घ्यायचं नसतं, नुसती ट्रॉली ढकलत फिरते, धाकटी ट्रॉलीत. आईला वाटतं मला खर्चाची चटक लागलीय. कसं सांगायचं की आवरायला कारण लागतं म्हणून जातो. त्यामुळे तुम्ही म्हणता ते जमीन वगैरे मला पटतंय पण वाचताना मी तरी आधी त्या बाईजवळ बसते, सॉरी.

जुनं_दप्तर
छान धागा. थोडी पार्श्वभूमी टाकतो.

गोष्ट आली सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात, जुलै १८९२ मधे. लॉसन तेव्हा पंचविशीचा. पण ह्यात खरी गंमत त्याच्या आईची आहे. लुईझा लॉसन, जन्म १८४८, अठराव्या वर्षी एका नॉर्वेजियन खलाशाशी लग्न, तो सोन्याच्या खाणींमागे पळणारा आणि कामासाठी सतत बाहेर, ही मागे पोरं, गुरं आणि खोपट घेऊन. १८८३ मधे ती पोरांना घेऊन सिडनीला आली ती नवऱ्याला मागे ठेवूनच. १८८८ मधे 'द डॉन' नावाचं बायकांचं मासिक काढलं, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यासुद्धा बायकाच ठेवल्या, म्हणून छापखान्यातल्या पुरुषांच्या युनियनने बहिष्कार घातला, तरी १९०५ पर्यंत अंक निघत राहिले. रानातल्या बायकांवर तिने १८८९ मधेच लेख लिहिलाय, म्हणजे पोराच्या गोष्टीच्या तीन वर्षं आधी. तर ही बाई सापासमोर काठी घेऊन बसून राहिली नाही, सरळ उठून प्रेस टाकला. पोराने मात्र जी लिहिली ती बसून राहणारी, आणि त्या बाईला गोष्टीत नावच नाही. कुत्र्याला आहे.

टवाळ_टोळ
दप्तरकाका, शेवटच्या वाक्याला शिट्टी.

सिडनीतला_सदू
अरे वा, आमच्या गल्लीतला धागा.

कोयनाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका बाईने २००५ मधे कादंबरी लिहून दिलंय असं मला वाटतं. केट ग्रेनव्हिलची 'द सीक्रेट रिव्हर'. थेम्सवर होडी वल्हवणारा विल्यम थॉर्नहिल १८०६ मधे लाकूड चोरताना पकडला जातो, फाशी होते, मग ती बदलून जन्मभरासाठी काळ्या पाण्यासारखं न्यू साउथ वेल्सला पाठवतात. बायको सॅल, पोटुशी, त्याच्याबरोबर त्याच जहाजावर. सिडनीला पोचल्यावर गंमत बघा, सरकार कैद्याला त्याच्याच बायकोच्या ताब्यात देतं, म्हणजे कागदावर ती मालकीण आणि तो तिचा नोकर, आणि ह्यावरून दोघं अंथरुणात चेष्टा करतात. ती तिथे खोपटात दारूचा गुत्ता चालवते, पोरं सांभाळते. लंडनहून येताना तिने नदीच्या घाटावरचा कौलाचा एक तुकडा उचलून आणलेला असतो, तेवढंच तिचं माहेर.

मग नवऱ्याला हॉक्सबरी नदीकाठची जमीन डोळ्यांत भरते. सॅलला नको असतं. शेवटी सौदा होतो, पाच वर्षं, मग लंडनला परत. ती झाडाच्या सालीवर रेघा मारत जाते, आठवड्याला एक. अंगण झाडते, आणि अंगणाची कड संपली की पुढे तिच्यासाठी जगच नाही. दारात येणाऱ्या तिथल्या बायकांना तिने आपली नावं ठेवलीत, मेग आणि पॉली, त्यांच्याशी देवघेव करते, हसते. नवऱ्यापेक्षा तिचं त्यांच्याशी जास्त जमतं.

आणि मग ती जागा येते जिच्यासाठी हा एवढा लांब प्रतिसाद लिहितोय. एके दिवशी ती त्यांच्या वस्तीकडे स्वतः चालत जाते. घरापासून अगदी जवळ आहे हो, पण कधी गेलेली नसते. माणसं कोणी नाहीत. पण जमीन स्वच्छ झाडलेली, आणि झाडायला काटक्यांचा खराटा. तिच्याकडे आहे तसाच. तिथे तिला कळतं की हे लोक भटकत आलेले नाहीत, ह्यांच्या आज्या-पणज्यांनी हेच अंगण झाडलंय. घरी येऊन ती सामान बांधायला लागते. म्हणते आपण जायचं.

नवरा ऐकत नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण नदीकाठच्या इतिहासात जे झालं तेच होतं, पहाटे बंदुका घेऊन.

कोयनाकाठ
सदूभाऊ, खराटा! अंगावर काटा आला. मग पुढे ती काय करते? सांगा, स्पॉयलर चालेल, मी तरी वाचणारच आहे.

सिडनीतला_सदू
काही नाही करत. विचारतही नाही. आधी एकदा म्हणते की तू काही केलं नाहीस ना, त्यानंतर तो विषय बंद. नवरा श्रीमंत होतो, दगडी बंगला बांधतो, ती मालकीणबाई होते, इंग्लंडमधली झाडं मागवून लावते, त्यातली बरीच जळून जातात. दोघांमधे एक न बोललेली गोष्ट पडून राहते ती पडूनच. लंडनला परत जायचं नावही निघत नाही.

उंटावरचा_शहाणा
मला हे सगळं ऐकून जरा वैताग येतो, माफ करा. १८१३ साली एका चोराची बायको, शिक्षण नाही, चार-पाच पोरं, परतीच्या जहाजाचे पैसे नाहीत, तिने काय करायचं होतं तुमच्या मते? नवऱ्याला सोडून पोरं घेऊन पोहत लंडन गाठायचं? आज एसीत बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या गरीब बाईला नैतिकतेचे मार्क द्यायचे ही नवी फॅशन आहे. ड्रोव्हरच्या बायकोने तर कोणाचं काही बिघडवलेलं नाही. उलट त्या माणसाने काम न करता ढीग पोकळ रचून तिला फसवलं. फसवलं हे फसवलं.

आणि ह्या कादंबरीवर तिकडच्या इतिहासकारांनीही झोड उठवली होती. इंगा क्लेंडिनन बाईंनी २००६ मधे मोठा निबंध लिहून विचारलंय की आजच्या माणसाने स्वतःला तेव्हाच्या माणसाच्या जागी ठेवून इतिहास कळतो असं समजायचं कशाच्या जोरावर.

कोयनाकाठ
शहाणेसाहेब, मार्क कोणी दिले? मी तर उलट म्हणतेय की सॅल त्या कादंबरीत सगळ्यांत आधी समजणारी आहे. नवऱ्याला जमीन दिसते, हिला खराटा दिसतो. आणि समजूनही ती घर धरून ठेवते, कारण तेच तिला येतं. मला हाच भाग भयंकर वाटतो. तिची ताकद आणि तिचं गप्प बसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ज्या हाताने पोरांच्या तोंडात घास जातो त्याच हाताने तो विषय झाकला जातो. ती बोलली असती तर घर फुटलं असतं.

बाकी 'फसवलं' बद्दल. मी तुमचा प्रतिसाद वाचून गोष्ट परत काढली. त्याने ढीग रचला, बाईने शाबासकी दिली, आळशी नाहीस म्हणून कौतुक केलं, आणि मजुरी काय, तर ठरलेल्यावर तंबाखूची एक जादा चकती. तो मान ताठ ठेवून, छाती काढून गेला. राजा होता ना. त्याच्या मुलखातली लाकडं त्यानेच वाहून आणली आणि तंबाखू घेऊन गेला. आता ढीग पोकळ का रचला असेल हे मला तरी कळतं बुवा.

टवाळ_टोळ
आमच्या बिल्डरने पण स्लॅब पोकळ टाकलाय, तो कुठला राजा म्हणायचा?

ओसरी
अवांतर होईल पण राहवत नाही. माझी आजी संगमेश्वरकडची. आजोबा मुंबईला गिरणीत, गणपती आणि शिमगा सोडला तर घरी नाहीत. मनीऑर्डर आली तर आली. आजीने पाच पोरं, दोन म्हशी, भाताची खाचरं, सासू आंधळी, सगळं काढलं. न्हाणीत फुरसं निघालं तर आजी विळा घेऊन बसल्याची गोष्ट आमच्याकडे दर मे महिन्यात सांगितली जायची, इतकी की शेवटी शेवटी फुरशाची घोणस झाली. म्हणून मला ती ऑस्ट्रेलियातली बाई परकी वाटलीच नाही. काळी काय गोरी काय, नवरा लांब असलेली बाई सगळीकडे सारखीच की.

जुनं_दप्तर
ओसरीताई, सारखी पण आणि नाही पण. तुमची आजी तिच्याच गावात होती, शेजार होता, वाडीतली चार माणसं हाकेवर होती. त्या बाईला १९ मैलांत कोणी नव्हतं, आणि कोणी नव्हतं कारण जे होते त्यांना हाकललेलं किंवा मारलेलं होतं. तिचं एकटेपण आभाळातून पडलेलं नाही.

ओसरी
पटलं. आणि खरं सांगू का, हे लिहिल्यावर मला दुसरंच आठवत बसलं. पुढे माझं लग्न रायगडात झालं. सासरच्या आंब्याच्या कलमांच्या कडेला कातकऱ्यांची सात-आठ खोपटी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. जमिनीचा कागद एकाच्याही नावावर नाही. सासूबाई, फार कष्टाची बाई, कोणाला उपाशी न पाठवणारी, त्यांना ताक द्यायच्या, जुनी लुगडी द्यायच्या, आणि 'आपली माणसं' म्हणायच्या. मी तीस वर्षं त्या घरात आहे आणि त्या खोपट्यांकडे स्वतः चालत एकदाच गेलेय, एका पोरीला विंचू चावला होता तेव्हा. अंगण सारवलेलं होतं. बस, एवढंच.

लेकुरवाळी
ओसरीकाकू, आता मी पुढे काय लिहू.

आडगल्ली
वाचनखूण साठवली. मी पुस्तकवाली नाही, सिनेमावाली, तर सिनेमाचं सांगते. ज्याला बघायचाय त्याने हा प्रतिसाद उडी मारून जावा, सगळं फोडणार आहे.

लेआ पर्सेल नावाची नटी आहे, क्वीन्सलँडच्या आदिवासी समाजातली. लहानपणी तिची आई तिला हीच लॉसनची गोष्ट वाचून दाखवायची, आणि शेवटचं वाक्य, मोठा पोरगा आईला म्हणतो ना की मी कधी ड्रोव्हर होणार नाही, ते ही पोरगी आईच्या आधी म्हणून टाकायची. मोठी झाल्यावर तिने त्याच गोष्टीचं २०१६ मधे नाटक केलं, २०१९ मधे कादंबरी आणि मग २०२१ चा सिनेमा, लेखन-दिग्दर्शन तिचंच आणि बाईच्या भूमिकेत पण तीच. सगळ्यात आधी तिने काय केलं असेल तर बाईला नाव दिलं, मॉली जॉन्सन.

आणि मग लाकडाचा ढीग. तिच्याकडे तो पोकळ नाहीये, त्याच्याखाली नवरा आहे! मारझोड करणारा होता, मॉलीने मारून पुरलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की मेंढरं घेऊन गेलाय, येईल. म्हणजे 'नवरा लांब गेलाय' हे वाक्यच तिने उलटं केलं. तो आदिवासी माणूसही इथे आळशी वगैरे नाही, यादाका नाव आहे, पळून आलेला, आणि त्याच्याकडून मॉलीला कळतं की तिची आईच आदिवासी होती. ब्लॅक मेरी. जी मूळ गोष्टीत देवाने पाठवली म्हणे आणि एका वाक्यात संपली, ती हिची आई. मी थेटरात नाही, रात्री लॅपटॉपवर पाहिला, कान बंद करून घ्यावेसे वाटतात अशा जागा आहेत, मारहाण फार आहे. मधला भाग जरा भाषणासारखा होतो, पोलीस अधिकाऱ्याची बायको येते ती तर सरळ लेखच वाचते. पण ढिगाची युक्ती एक नंबर.

जुनं_दप्तर
मारहाणीवरून एक भर. लॉसनच्या गोष्टीत एक सभ्य खोटेपणा आहे, रानातल्या बाईला भीती कशाची, तर साप, आग, पूर, बैल. एक भटक्या येतो तो पण कुत्रा बघून निघून जातो. १८९६ मधे त्याच 'बुलेटिन'मधे बार्बरा बेंटन नावाच्या बाईची गोष्ट आली. तशीच झोपडी, नवरा मेंढ्यांची लोकर कातरायच्या कामावर लांब, बाई आणि तान्हं बाळ. पण तिच्या दाराशी रात्री माणूस येतो. ती बाळाला कवटाळून धावते, रस्त्याने एक घोडेस्वार चाललाय त्याला हाका मारते, आणि तो भाविक बुवा पांढऱ्या कपड्यातली बाळाला धरलेली बाई बघून समजतो की आपल्याला कुमारी मेरीचं दर्शन झालं, आणि भक्तिभावाने घोडा पुढे काढतो. बाई तिथेच मारली जाते. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

खंबीर बाईचा देव्हारा केला की तिची हाक ऐकू येत नाही, हे बेंटनबाईंनी लॉसननंतर चारच वर्षांत लिहून ठेवलंय.

टवाळ_टोळ
ह्यावर मी पण गप्प.

पाटीपेन्सिल
मी नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. अमेरिकेत आहे, मुलीसाठी लायब्ररीतून लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाउस'ची पुस्तकं आणायचे. त्यातली मा म्हणजे ह्या सगळ्यांची थोरली जाऊ. उघड्या माळावर ओंडक्याचं घर, खाली फरशी नाही, दार नाही, तरी टेबलावर चौकटीचा कपडा आणि फळीवर चिनी मातीची बाहुली. आम्ही मायलेकी दोघी तिच्या प्रेमात होतो.

मग मला कळलं की १९३५ च्या पहिल्या छपाईत त्या माळाबद्दल लिहिलं होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहात होते. 'फक्त'! १९५३ मधे एका वाचकाच्या पत्रानंतर ते बदललं, माणसं नव्हती च्या जागी वस्ती करणारे नव्हते असं केलं. अठरा वर्षं ते वाक्य तसंच छापलं जात होतं. आणि ती जमीन, कॅन्ससमधली, ओसेज लोकांची राखीव जमीन होती, इंगल्स कुटुंब तिथे बिनपरवाना घुसलेलं. मा त्या लोकांना घाबरते आणि त्यांचा तिरस्कार करते, तेच सगळं लपवाछपवी न करता लिहिलंय, म्हणून खरं तर वाचता येतं. मुलीने विचारलं, मा एवढी चांगली आहे तर अशी का वागते. मी म्हटलं, दूध संपव आधी. मी पण मा च.

उंटावरचा_शहाणा
पाटीपेन्सिलताई, शेवटचं वाक्य भारी.

ठीक आहे, मी थोडा मागे येतो, पूर्ण नाही. तंबाखूवाली जागा मी वाचली नव्हती नीट, ती मान्य. पण माझा मुद्दा उरतोच की ह्या बायकांकडे सत्ता कुठे होती? जमिनीचा कागद नवऱ्याच्या नावाचा, बंदूक नवऱ्याची, मत द्यायचा हक्क कोणालाच नाही.

जुनं_दप्तर
मताचं निघालंच आहे तर, गोऱ्या बायकांना ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय निवडणुकीत मत मिळालं १९०२ मधे, लुईझा लॉसनसारख्यांच्या धडपडीमुळेच. त्याच कायद्याने आदिवासींना, बाई असो की पुरुष, वगळलं. तो हक्क सगळीकडे मिळायला १९६२ उजाडलं. एकाच कागदाने एकीला आत घेतलं आणि दुसरीच्या तोंडावर दार लावलं. म्हणून 'दोघीही बिचाऱ्या' म्हणून बेरीज करता येत नाही हो.

सिडनीतला_सदू
दोन दिवस बिझी होतो, इकडे धागा कुठच्या कुठे गेला.

काल रविवार म्हणून बायको-मुलीला घेऊन वाइझमन्स फेरीला जाऊन आलो, सिडनीहून दीडएक तास. ग्रेनव्हिलबाईंच्या खापरपणजोबांपैकी एक सॉलोमन वाइझमन, तोच थॉर्नहिलचा मूळ माणूस, त्याच्याच नावाचं गाव. हॉक्सबरी तिथे रुंद आणि एकदम संथ, दोन्हीकडे पिवळट कडे. गाड्या पलीकडे न्यायला तारेवर ओढली जाणारी तराफा-फेरी आहे, फुकट, रात्रंदिवस चालते, १८२७ मधे त्यानेच सुरू केलेली. त्याचा दगडी बंगला आज हॉटेल आहे, आम्ही तिथे चिप्स खाल्ल्या. त्याची खरी बायको जेन, जी दोन पोरं घेऊन त्याच्याबरोबर जहाजावर आली, ती १८२१ मधेच वारली. म्हणजे कादंबरीतल्या सॅलला बंगल्यात म्हातारी होता आलं, जेनला फेरी पण बघायला मिळाली नाही.

मुलगी नववीत आहे. तिला शाळेत लॉसनची गोष्ट होती. तिच्या शाळेत रोज सकाळी आणि माझ्या ऑफिसात प्रत्येक मोठ्या मीटिंगआधी म्हणतात की आम्ही ह्या भूमीच्या मूळ रखवालदारांना मान देतो वगैरे. मी आठ वर्षं हे ऐकत ईमेल चेक करतोय. फेरीत उभं राहून मी तिला खराट्याचं सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, आपलं घर ज्या रस्त्यावर आहे तिथे आधी कोण होतं माहितीय का तुला? मला नव्हतं माहीत. तिला होतं. दारुग लोक, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, आपण पण तर येऊनच बसलोय ना. गृहकर्ज मी भरतो, म्हणून चटकन चिडलोच होतो, पण फेरी पलीकडे लागली.

कोयनाकाठ
सदूभाऊ, मुलीला माझा नमस्कार सांगा.

आमच्या ग्रुपवर मी हा धागा टाकला होता. आमच्यात एक पंचाहत्तरीच्या काकू आहेत, धाग्यातलं निम्मं त्यांना पटलं नाही. त्यांना आवडली ती रुमालाची जागा. ढीग कोसळतो, ती बाई इतकी दुखावते की तिला रडू येतं, डोळे पुसायला रुमाल काढते आणि बोटं सरळ डोळ्यांत जातात, कारण रुमाल सगळा भोकांचा. एका भोकातून अंगठा, दुसऱ्यातून बोट. आणि ती हसायला लागते. काकू म्हणाल्या, हे लिहिणाऱ्याने कोणाला तरी असं हसताना बघितलं असणार, हे मनाने सुचत नाही. दप्तरकाकांची लुईझा मला तेव्हा आठवली.

पुढच्या महिन्यात 'सीक्रेट रिव्हर' घेतोय. काकूंनी मोठ्या अक्षरांची प्रत मागितलीय.

टवाळ_टोळ
आडगल्लीतै, तो सिनेमा कुठे बघायचा ते व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि बायकोबरोबर बघू की एकट्याने? ढिगाचं ऐकून जरा धाकधूक आहे.

आडगल्ली
आधी अंगणातली लाकडं मोजून ठेवा भाऊ.

लेकुरवाळी
काल नवऱ्याची बोट बंदरात होती, नेट चांगलं होतं, म्हणून मुलं झोपल्यावर त्याला फोनवर ती गोष्ट सांगितली, सापापासून रुमालापर्यंत सगळी, आणि खराट्याचं आणि ढिगाखालच्या नवऱ्याचंही. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, इन्व्हर्टरचं पाणी बघितलंस का गं ह्या महिन्यात? आणि टॉर्चला सेल आहेत ना घरात?

नव्हते. आज आणले.